एकवीरेला गेलो आणि अण्णा चैत्यगृहातच अडकले

चाफेकळी

एकवीरा आमची कुलदेवता. लग्नाला सतरा वर्षं झाली, वर्षातून एकदा तरी जाणं होतंच. क्रम ठरलेला: पहाटे डोंबिवलीहून निघायचं, पायऱ्या चढायच्या, रांग, ओटी, बाहेर आल्यावर सगळ्यांचा एक फोटो, मग खाली उतरून मिसळ. त्या फोटोत आमच्या मागे जे भलंमोठं दगडी काहीतरी दिसतं ते कार्ल्याचं चैत्यगृह. आत शिरले असेन दोनदा, दोन्ही वेळा ऊन चुकवायला. 'चैत्य म्हणजे प्रार्थनास्थळ, विहार म्हणजे राहण्याची जागा' हे शाळेत दोन मार्कांसाठी पाठ केलेलं. भांडवल तेवढंच.

यंदा सासरे बरोबर होते. अण्णा ७४ वर्षांचे, जन्मभर सुतारकाम केलेले. आधी पनवेलकडच्या जुन्या घरांची दुरुस्ती, मग मुंबईत फर्निचर. गुडघे बोलायला लागल्यापासून त्यांचं वर येणं बंदच होतं. या वेळी हट्टाने आले, थांबत थांबत चढले, पण रांगेत उभं राहवेना. म्हणून त्यांना चैत्यगृहाच्या ओसरीत सावलीला बसवलं, पाण्याची बाटली हातात दिली आणि आम्ही दर्शनाला गेलो.

तासाभराने परत येतो तर अण्णा जागेवर नाहीत. बाटली आहे, पिशवी आहे, अण्णा नाहीत. नवऱ्याचा चेहरा उतरला. मी आत डोकावले तर मधोमध उभे, मान पार मागे टाकलेली, तोंड उघडं, टोपी खाली पडलेली. मला वाटलं चक्कर येतेय. धावत गेले तर म्हणाले, "ह्ये बघ. ह्ये लाकूड हाय."

वर पाहिलं. लोणावळ्याला जाता-येता शंभरदा पाहिलेल्या डोंगराच्या पोटात, डोक्यावर पंचेचाळीस फुटांवर, बोटीच्या सांगाड्यासारख्या लाकडी कमानी. एकामागून एक, थेट शेवटच्या स्तूपापर्यंत. मी आजवर त्यांना दगडच समजत होते!

मग अण्णांनी मला हाताला धरून ओसरीत आणलं आणि अर्धा तास शिकवणी घेतली. ती जशी आठवते तशी लिहिते.

ओसरीच्या दोन्ही टोकांच्या भिंतींवर खाली हत्ती आहेत आणि त्यांच्या वर मजल्यावर मजले कोरलेत. खरे नाहीत, नुसते दाखवलेले. प्रत्येक मजल्याला पिंपळपानासारख्या कमानीच्या खिडक्या, पुढे कठडा, कठड्याखाली ओळीने चौकोनी ठोकळे. मी ते ठोकळे म्हणजे नक्षी समजले असते. अण्णा म्हणाले, "ही वाशाची टोकं. वासा भिंतीतून आरपार बाहेर काढला की असं टोक दिसतं. पण हितं भिंत डोंगराची. आत वासा हाय कुठं? नुसतं टोकच कोरलंय." मग कठडा दाखवला. उभे खांब आणि त्यांत घुसवलेल्या तीन आडव्या पट्ट्या. "लाकडाचं कुंपण असंच करतात, खाच पाडून पट्टी आत सरकवतात. दगडात सरकवायचं काय? एकच तर दगड!" आणि मोठ्याने हसले. त्या हसण्यात टिंगल नव्हती. आपल्या गल्लीतला माणूस परक्या मुलखात भेटला की आपण हसतो ना, तसं.

आतले खांब बघताना मात्र गप्प झाले. दोन्ही बाजूंना पंधरा-पंधरा. खाली पायऱ्यापायऱ्यांचा चौथरा, त्यावर गोल गरगरीत घडा, घड्यातून वर निघालेला अष्टकोनी खांब, वर पुन्हा उपडी घंटा, त्यावर गुडघे टेकून बसलेले दोन हत्ती आणि प्रत्येक हत्तीवर दोन माणसं, बहुतेक ठिकाणी बाई आणि बाप्या. मी म्हटलं, घडा म्हणजे पूर्णकलश, शुभ असतो म्हणून. अण्णा म्हणाले, "असंल. पण आईचं दुधाचं कपाट आठवतं का तुला?" मला कुठून आठवणार, पण नवऱ्याला आठवलं. जाळीचं कपाट, चारी पायांखाली पाण्याच्या वाट्या, मुंग्या चढू नयेत म्हणून. "लाकडाचा खांब मातीत पुरला की वाळवी खाते. म्हणून भांड्यात उभा करायचा. वाड्यात आम्ही दगडाचं उथळं देतो ते कशापायी?"

घरी आल्यापासून डोक्यात तेच आहे. जाणकारांना तीन प्रश्न. ते वरचं लाकूड खरंच तेव्हाचं आहे का? आहे, तर दगडात लाकूड बसवायचं कारण काय? आणि अण्णांचा प्रश्न त्यांच्याच शब्दांत: "हे करणारा आमच्यातला होता का पाथरवट?"

(फोटो चढवता येत नाहीयेत, क्षमस्व. पुन्हा प्रयत्न करते.)

रानवाटा

वा! अण्णांना दंडवत. आम्ही लेणीवाले पुस्तकं वाचून जे वीस वर्षांत शिकलो ते त्यांनी एका पाण्याच्या बाटलीत उरकलं.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर: हो. बरीचशी लाकडी कमानींची रांग मूळचीच मानतात, सागाची. स्तूपाच्या डोक्यावरची छत्रीही लाकडीच आहे. पुढच्या वेळी तिच्याखाली जाऊन बघा, आतल्या बाजूला कोरीवकाम आहे. चैत्यगृह साधारण इसवी सनाच्या पहिल्या शतकातलं. म्हणजे जवळजवळ दोन हजार पावसाळे, तेही मावळातले.

आकडे हवे असतील तर: लांबी सुमारे १२४ फूट, रुंदी आणि उंची पंचेचाळीसच्या आसपास. भारतातलं सगळ्यांत मोठं कोरीव चैत्यगृह. कार्ल्याला एकूण १६ लेणी, हे आठवं. पायथ्याच्या गावाचं नाव वेहेरगाव, त्यात 'विहार' अजून जिवंत आहे.

एक विनंती मात्र. परत जाल तेव्हा मळवली स्टेशनच्या दुसऱ्या बाजूला भाज्याला जा. कार्ल्याहून जुनं. तिथे चैत्यगृहाचा पुढचा भाग सताड उघडा आहे, कारण तो सगळाच लाकडाचा होता आणि गेला. कातळात फक्त खाचा उरल्यात. खांब अगदी साधे अष्टकोनी, ना घडा ना हत्ती. पण अण्णांना बारकाईने बघायला सांगा: ते खांब सरळ उभे नाहीत, आतल्या बाजूला कललेले आहेत.

गोमटेश

कललेले का? बांधताना चुकलं?

रानवाटा

बांधलंच नाहीये हो, कोरलंय :) खरं लाकडी घुमटी छप्पर असेल तर ते दोन्ही बाजूंना बाहेर रेटा देतं, म्हणून आधाराचे खांब थोडे आत कलते ठेवायचे. दगडात त्याची गरज शून्य. तरी हात तसाच वळला. कार्ल्यापर्यंत येता येता खांब सरळ झालेत. मधल्या काळात कधीतरी कोणाच्या तरी लक्षात आलं असणार की इथे काही पडणार नाहीये.

शंकासुर

सगळं कौतुक मान्य, पण एक खडा टाकतो. दगडात काम करायचं आणि लाकडाची नक्कल करत बसायचं, यात कल्पकता कुठे आहे? खोटे वासे, खोटे कठडे, खोटे मजले. भार न पेलणारे खांब. आजच्या भाषेत फॉल्स सीलिंग. वेरूळच्या कैलासाने दगडाला दगड म्हणून वागवलं, तसं इथे दिसत नाही. नुसतं जुनं आहे म्हणून माना डोलवायच्या का?

ओसरी

शंकासुरा, तुझा खडा घेतला. (व्यवसायाने वास्तुरचनाकार, आठवडाभर खोटी छतंच बसवते, त्यामुळे शब्द जिव्हारी लागला.)

आधी काम कसं चालतं ते बघ. बांधकाम खालून वर जातं, लेणं वरून खाली येतं. डोंगराचा उभा चेहरा तासायचा, मग छताच्या उंचीवर आत शिरायचं, छत पुरं करायचं आणि खाली खाली सरकायचं. छत कोरताना परांची बांधावी लागत नाही, पायाखालचा न कोरलेला कातळच परांची. खांब वरून 'सापडत' येतात: आधी हत्ती, मग घंटा, मग दांडा, सगळ्यांत शेवटी घडा. अजिंठ्याला २४ नंबरचं लेणं अर्धवट राहिलंय, तिथे हा प्रकार उघड्या डोळ्यांनी दिसतो. आणि बसाल्टमध्ये चूक झाली तर जोड देता येत नाही. त्यामुळे छतापाशी पहिला घाव घालतानाच तळाचा घडा कुठे येणार हे माहीत असावं लागतं. अशा कामाला आधी कोणाच्या तरी डोक्यात तयार इमारत लागते. आणि त्या काळात मोठी इमारत म्हणजे लाकडाची. शहरातले वाडे, वेशी, सभागृहं, सगळं लाकूड. ते सगळं कुजलं, जळलं, वाळवीने खाल्लं. आज आपल्याला त्या लाकडी शहरांची कल्पना येते ती याच 'खोट्या' दगडांवरून. ओसरीच्या भिंतीवरचे ते मजले म्हणजे हरवलेल्या रस्त्याचं चित्र आहे.

दुसरं, लाकडी कमानींचं. त्या छत पेलत नाहीत, डोंगर स्वतःला पेलतो. मग त्या का? माझं मत (पुरावा नाही, मत): आत येणाऱ्याला आपण छपराखाली आलो असं वाटावं म्हणून. गुहेत माणूस दबतो. वासे दिसले की घरात आल्यासारखा श्वास सोडतो. अण्णांनी मान वर करून तोंड उघडलं ना, ते वास्तुरचनाकाराला मिळालेलं बक्षीस आहे, दोन हजार वर्षं उशिरा.

पुढे अजिंठ्याच्या १९ आणि २६ नंबरच्या चैत्यगृहांत त्याच कमानी दगडातूनच कोरल्या. तिथे काम जास्त सफाईदार आहे. मला कार्ले जास्त आवडतं.

शंकासुर

हे पटलं. अर्धं. 'हरवलेल्या रस्त्याचं चित्र' उचलतोय.

वैनगंगा

मी वाचत होते, आता राहवलं नाही. अण्णांचा तिसरा प्रश्न कोणीच घेतला नाही का अजून? लिपीवाले कुठे गेले सगळे?

धम्मलिपी

आलो, आलो. ऑफिसात होतो. चाफेकळी ताई, हा प्रतिसाद अण्णांना मोठ्याने वाचून दाखवा.

कार्ल्याच्या चैत्यगृहात ब्राह्मीतले पुष्कळ लेख आहेत, खांबांवर आणि ओसरीत. भाषा प्राकृत, आपल्या मराठीची आजी-पणजी कोणीतरी. बहुतेक लेख एका ओळीचे: अमक्या गावच्या अमक्याने हा खांब दिला. कोण्या एका राजाने पैसे ओतले आणि लेणं उभं राहिलं असं इथे झालेलं नाही, ही चक्क वर्गणी आहे. सोपाऱ्याचा, म्हणजे आपल्या नालासोपाऱ्याचा, सतिमित नावाचा भिक्षू एक खांब देतो आणि त्यात पवित्र अवशेष ठेवल्याचं लिहून जातो. धेनुकाकट नावाच्या गावाचे तर किती दाते, त्यांतले कित्येक स्वतःला 'यवन', म्हणजे मूळचे ग्रीक किंवा परदेशी, म्हणवणारे. (ते गाव नेमकं कुठलं यावर अभ्यासकांची जुनी भांडणं आहेत, त्यात शिरत नाही.) हत्ती आणि त्यांच्या वरखालचे कठडे इंददेव नावाच्या थेराने, म्हणजे ज्येष्ठ भिक्षूने, दिले. त्या लेखात कठड्याला शब्द आहे 'वेयिका', आपली वेदिका. ओसरीच्या डाव्या टोकाला वैजयंतीच्या, म्हणजे आजच्या कर्नाटकातल्या बनवासीच्या, भूतपाल शेठजींचा लेख आहे. मजकूर असा: 'वेजयंतितो सेठिना भूतपालेन सेलघरं परिनिठपितं जंबुदिपम्हि उतमं'. वैजयंतीच्या भूतपाल शेठने हे शैलघर पुरं केलं, जंबुद्वीपात उत्तम. शेठजींना नम्रतेचं वावडं होतं, पण खोटं बोलले असंही म्हणवत नाही.

आता शब्द बघा. 'सेलघर'. देऊळ नाही, मंदिर नाही, गुंफाही नाही. घर. दगडी घर. ओसरी ताई म्हणाल्या ते त्यांनी स्वतःच लिहून ठेवलंय.

आणि आता अण्णांचा प्रश्न. दरवाज्याशी दोन लेख आहेत. एकात धेनुकाकटाचा गंधिक, म्हणजे अत्तरविक्या, सिहदत सांगतो की घरमुखाचं दान माझं. दुसरा असा:

'धेनुकाकटा वढकिना सामिना वेणुवासपुतेन घरस मुघ कत'

धेनुकाकटाच्या सामीने, वेणुवासाच्या मुलाने, घराचं मुख केलं. हा सामी कोण? 'वढकि'.

वढकि म्हणजे सुतार.

वैनगंगा

अंगावर काटा आला!!! अहो, आमच्याकडे विदर्भात सुताराला वाढईच म्हणतात! आमच्या गल्लीत दोन घरं वाढई आडनावाची आहेत. हा तोच शब्द ना?

धम्मलिपी

तोच. संस्कृत वर्धकि, प्राकृत वड्ढकि, तुमचा वाढई, हिंदीवाल्यांचा बढई.

गोमटेश

+१००. हा धागा वाचनखूण.

शंकासुर

थांबा, एक शंका (नावाला जागतो). सुताराने 'मुख केलं' म्हणजे कदाचित लाकडी दरवाजा केला असेल. दगडाचं काम त्याने केलं हे कशावरून?

धम्मलिपी

रास्त शंका. लेखात फक्त 'मुख केलं' इतकंच आहे, लाकडाचं की दगडाचं ते सामीने सांगितलेलं नाही. पण एक कारागीर दुसऱ्याच्या मालात हात घालत होता याचे दाखले आहेत. पितळखोऱ्याला यक्षाची दगडी मूर्ती मिळाली, तिच्यावर लिहिलंय 'कन्हदासेन हिरंमकारेन कता', कन्हदास सोनाराने केली. सांचीच्या दक्षिण तोरणावर विदिशेच्या हस्तिदंत कोरणाऱ्यांनी आपलं नाव घातलंय. तेव्हा सुताराने पटाशी बाजूला ठेवून छिन्नी उचलली असेल, तर तो एकटा नव्हता.

ओसरी

आणि उलट बाजूने बघितलं तर वेरूळचं १० नंबरचं लेणं. आत बुद्ध, दगडी कमानींचं छत, आणि लोक त्याला काय म्हणतात? विश्वकर्मा. दुसरं नाव सुताराचं झोपडं. ही नावं अभ्यासकांनी दिलेली नाहीत. सुतार मंडळी तिथे विश्वकर्मा म्हणून हात जोडायला जायची. वर बघून त्यांनाही अण्णांसारखंच वाटलं असणार.

निळीपहाट

उशिरा आले. सगळं छान चाललंय, फक्त एक गोष्ट राहून जातेय म्हणून लिहिते.

आमच्यासाठी हे स्थळ 'बघण्याचं' नाही, वंदनेचं आहे. घरातली मोठी माणसं पांढरे कपडे घालून जायची, मीही जाते. चपला बाहेर. स्तूपाला प्रदक्षिणा घालताना खांबांच्या मागच्या वाटेने चालावं लागतं. ती वाट अंधारी आहे, तिथून खांबांची पाठ दिसते. सगळ्यांचे फोटो मधल्या बाजूचे, हत्तींचे. मागच्या बाजूला घोडे आहेत, त्यांवर स्वार. कोणासाठी कोरले? प्रदक्षिणा घालणाऱ्यासाठी. आणि स्तूपाच्या मागे वळलात की सात खांब अगदी साधे, ना घडा ना हत्ती, नुसता अष्टकोन. माझी आजी म्हणायची, तिथे बघायला काही ठेवलं नाही कारण तिथे डोळे मिटायचे असतात. अभ्यासक काय म्हणतात ते धम्मलिपी सांगतील, मला आजीचं पुरतं.

मूळ चैत्यगृहात बुद्धमूर्ती नाही, स्तूपच पूज्य. ओसरीत ज्या बुद्धमूर्ती दिसतात त्या काही शतकांनंतर, आधीच्या शिल्पांच्या मधल्या जागेत कोरल्या. घाई केली नाही तर दोन हातांतला फरक कळतो.

आणि कृपया, छताखाली आवाज घुमतो म्हणून शिट्ट्या मारू नका. मागच्या वेळी वंदना सुरू असताना एका सहलीतल्या मुलांनी तो खेळ लावला होता. बरोबरचे मोठे हसत होते.

चाफेकळी

निळीपहाट, मनापासून क्षमा. मी सतरा वर्षं चपला घालूनच गेले असेन. खांबांची पाठ पाहिलीच नाही.

एक विचारू का? ओसरीत बाई-बाप्याच्या जोड्या कोरल्यात ना, त्यांबद्दल. माझ्या मुलीने (वय १४) विचारलं, भिक्खूंच्या जागेत नवरा-बायको कशाला? मला उत्तर देता आलं नाही.

निळीपहाट

ताई, क्षमा कसली. जोड्यांचं मलाही कोडं होतं. लाजतबिजत नाहीत, एकमेकांच्या खांद्यावर हात, बाईच्या पायात जाडजूड वाळे, कमरेला पट्टा, बाप्याच्या डोक्यावर गाठ मारलेलं पागोटं. जत्रेला आलेलं जोडपं फोटोसाठी उभं राहावं तसे. काही म्हणतात हे दाते, काही म्हणतात नुसतं मंगलचिन्ह, भरल्या घराचं. मुंबईकरांना कान्हेरीच्या तिसऱ्या लेण्यात अशाच जोड्या दिसतील, ते चैत्यगृह कार्ल्याला समोर ठेवूनच कोरलंय.

धम्मलिपी

मुलीला हे सांगा: त्यांतल्या एका जोडीचं दान कोणाचं आहे? भदसम नावाच्या भिक्षूचं. लेखात सरळ 'मिथुन' असा शब्द आहे. भिक्षूंना अडचण नव्हती, आपल्यालाच आहे.

खरंतेसांगतो

सगळे एक प्रश्न टाळताय. देवीचं देऊळ आधी की हे आधी? कोणाच्या जागेवर कोण, ते एकदा स्पष्ट बोला ना. आणि दारातला सिंहस्तंभ महारठीने दिलाय, म्हणजे मराठा, ते का दाबलं जातंय?

संपादक

या धाग्याचा विषय चैत्यगृहाची रचना आणि सजावट हा आहे. त्यावर लिहावे. इतर चर्चेसाठी वेगळा धागा काढता येईल. यापुढचे अवांतर प्रतिसाद काढले जातील.

रानवाटा

संपादकांचा मान राखून फक्त सिंहस्तंभाबद्दल, कारण तो विषयातलाच आहे. डाव्या हाताला जो उंच स्तंभ आहे, वर पाठीला पाठ लावून चार सिंह, तो गोतीपुत्र अग्निमित्रणक या महारठीचं दान. महारठी हा सातवाहन काळातला मोठा हुद्दा. 'मराठा' शब्दाशी त्याचं नातं काही जण जोडतात, काही नाकारतात. दाबलेलं काही नाही, स्तंभावर ढळढळीत कोरलंय. उजव्या बाजूलाही असाच जोडीदार असावा, आज त्या बाजूला देवीचं देऊळ आहे.

ओसरी

हत्तींचं एक राहिलं. ओसरीतल्या हत्तींच्या तोंडाशी भोकं आहेत, पाहिलीत का? सुळे वेगळे बसवलेले असणार, बहुधा खऱ्या हस्तिदंताचे. म्हणजे दगडी हत्ती, दंत खरे, लाकडी कमानी, लाकडी सज्जे. आज आपण जे बघतो ते सगळं काढून नेल्यानंतर उरलेलं घर आहे.

शंकासुरा, आणि हो, नकलेबद्दल: तुझ्या घरच्या सनमायकावर सागाच्या रेषा छापल्यात का बघ.

शंकासुर

बघितल्या. शिसवाच्या आहेत. गप्प बसतो.

चाफेकळी

काल रविवार होता, अण्णांना दुपारच्या चहाला धम्मलिपींचा प्रतिसाद वाचून दाखवला. अत्तरवाल्यापर्यंत नुसतं हूं हूं चाललेलं. मग ती ओळ वाचली. म्हणाले, "परत वाच." परत वाचली. म्हणाले, "हळू." मग स्वतः म्हणून बघितली, "वढकिना सामिना". कप तसाच हातात.

मला वाटलं आता काहीतरी मोठं बोलतील. म्हणाले, "वेणुवासपुत. बापाचं नाव लावलंय. म्हणजे बाप पण सुतार असणार, त्याच्याच हाताखाली शिकला असंल. नायतर कामावर बापाचं नाव कोण घालतो?"

मग थोड्या वेळाने, "मी केलेल्या एका पण कपाटावर माझं नाव न्हाय." नवरा म्हणाला, अण्णा, कपाटावर कोण नाव घालतं. "त्येच तर म्हणतोय," म्हणाले आणि चहा प्यायले.

आज सकाळी उठून पाहते तर आमच्या स्वयंपाकघरातल्या जुन्या फडताळाचं दार उघडून आत टॉर्च मारून बसलेले. ते फडताळ त्यांनीच केलेलं, माझ्या लग्नाच्या आधी. आतल्या फळीच्या खालच्या अंगाला, जिथे कोणाचा हात जात नाही, तिथे पेन्सिलीने मापं लिहिलेली सापडली. दोन आकडे आणि एक फुली. ती मला बोलावून दाखवली.

परत जायचं ठरलंय. धम्मलिपी, दरवाजा नेमका कुठला, तीन आहेत ना? आणि अक्षरं साध्या डोळ्यांना दिसतात का?

धम्मलिपी

ताई, रविवारी मोकळा असेन तर मीच येतो. अण्णांच्या बोटाखाली ती ओळ दाखवायचीय. (बोट लावायचं नाही, अंतर ठेवून.) दुपारनंतर या, दर्शनी बाजू पश्चिमेला आहे. ऊन तिरपं पडलं की अक्षरांच्या कडा उठतात, सकाळी भिंत सपाट दिसते.

रानवाटा

रविवार नको हो! देवीची गर्दी, पायऱ्यांवर पाय ठेवायला जागा नसते. चैत्राची यात्रा आणि नवरात्रही टाळा. मधल्या वारी या, पण मंगळवार-शुक्रवार सोडून. अण्णांच्या गुडघ्यांसाठी गाडी वरच्या पार्किंगपर्यंत न्या, निम्म्याहून जास्त चढ वाचतो. उतरताना काठी लागेल, ती घरूनच आणा.

चाफेकळी

काठी ते स्वतः करताहेत. सागाची.